आव्याची मावळतीकडची बाजू

सांगलीच्या पेठेत मी माठाला टिचकी मारली, तिथून सगळं सुरू झालं. खरं तर मारायची काही गरज नव्हती. शेठ मुकाट्यानं माठ उतरवून घेत होते, टेम्पोवाला घाई करत होता. पण दुकानाच्या पायरीवर दोन बायका उभ्या राहून बघत होत्या, आणि कुणी बघायला लागलं की माझ्या अंगात कुठून तरी शहाणपण येतं. मी एक माठ छातीशी धरला आणि म्हणालो, "ऐका आता. देवळातली घंटा वाजंल." आणि बोटाच्या पेरानं ठोकलं.

माठ म्हणाला, "भद्द."

मला वाटलं, माझा हात चुकला. दुसरा ठोकला. तोही तेच म्हणाला. पायरीवरच्या बायका एकमेकींकडं बघून पदरात हसल्या आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या दुकानात शिरल्या. भाजलेलं मडकं ठणठण वाजतं आणि अर्धकच्चं भद्द बोलतं, हे कुंभाराच्या पोराला बोबडं बोलायच्या आधी कळतं. मला ते पन्नाशी उलटल्यावर, गिऱ्हाइकासमोर कळलं. घरून निघताना एक माठ ठोकून बघितला असता तर? पण घरी बघायला बायका नव्हत्या.

शेठनी मग स्वतः एकेक माठ ठोकला. निम्म्याहून जास्त बाजूला काढले. शेठ भला माणूस, ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "आबांचं वय झालं की वो आता. तुमचा भाऊ परवा सांगतच हुता, हात लय कापतोय म्हनून."

आबा म्हणजे माझे वडील. आणि भाऊ म्हणजे चुलतभाऊ. तो माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. त्या दोन महिन्यांपायी मला जन्मभर त्याला 'दादा' म्हणावं लागतं, आणि हा अन्याय मी अजून विसरलेलो नाही. आमचं गाव कुंडलच्या पुढं. गावात एके काळी कुंभारांची सात-आठ घरं चाकावर बसायची. आता दोनच बसतात, आमचं आणि त्याचं. म्हणजे जगात ज्या एकाच माणसाला आबांचा हात कसला आहे हे कळतं, त्यानंच सांगलीत जाऊन तो कापतो म्हणून सांगितलं होतं.

आबांचा हात कापतो, हे खरं आहे. चहाचा कप धरला की बशीत निम्मा चहा सांडतो. पण तो कपाला कापतो, मातीला नाही. माठ चाकावर पुरा होत नाही. चाकावरून उतरतो तेव्हा त्याला तोंड असतं, पोट नसतं. सावलीत जरा ताठ झाला की डावा हात आत घालायचा, मुठीत दगडाचा गुळगुळीत गोळा, आणि बाहेरून उजव्या हातानं लाकडी थापटण्यानं थापटायचं. दोन्हींच्या मधे माती पातळ होत जाते आणि पोट फुगत येतं. आत डोळे पोचत नाहीत, सगळं डाव्या हातानंच ओळखायचं. आबांचा डावा हात माठात गेला की जात्याच्या खुंट्यासारखा गच्च असतो. माझेही माठ होतात, नाही असं नाही. ते बुटके आणि पोटाळ होतात. बायको म्हणते, आरशात बघून केल्यासारखे.

परत आणलेले माठ मी मागच्या दारानं आत घेत होतो, तर आबा नेमके तिथंच बसलेले. त्यांनी एक माठ उलटा केला, बुडाजवळचा करडा डाग बघितला, आणि विचारलं, "शेठ काय म्हनलं?"

इथं मी दुसरी चूक केली. मडक्याला झाकण असतं, माझ्या तोंडाला नाही. शेठ जे म्हणाले ते शब्दाला शब्द सांगून टाकलं.

आमचं चाक आता विजेच्या मोटारीवर चालतं. आबा उठले, प्लग काढला, वायर गुंडाळून खुंटीला अडकवली, आणि चाकावर पोतं टाकलं. "बास झालं," एवढंच म्हणाले. साठ वर्षं ज्या जागी बसले, तिच्याकडं पाठ करून जेवायला बसले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोनच गोष्टी. आबा परत चाकावर बसले पाहिजेत. आणि दादाला असा धडा शिकवायचा की त्याला झोपेतसुद्धा 'भद्द' ऐकू आलं पाहिजे.

पण त्यानं नुसतं बोलण्यापेक्षा जास्त काही केलं होतं, ते दोन दिवसांनी कळलं. बायको नळावरून घागर घेऊन आली ती तोंड लाल करूनच. दादाची बायको भोळी. ती नळावर सहज बोलून गेली होती, "या खेपंला बी तुमचंच मावळतीला हुतं न्हवं."

हे कळायला आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, कसा लावतात ते सांगायला हवं. गावाबाहेर एकच जागा राहिली आहे जिथं धूर केला तर कुणी भांडायला येत नाही. म्हणून दोन्ही घरांची मडकी एकाच आव्यात भाजतात. खाली शेणी, म्हणजे गोवऱ्या, आणि उसाचं पाचट, त्यावर मडकी उपडी रचायची, वर फुटक्या खापरांचं पांघरूण आणि त्यावर ओल्या मातीचा लेप. चैत्र जवळ आला की वारं मावळतीकडून येतं आणि त्या बाजूचा जाळ नीट धरत नाही. तिकडची मडकी कमी भाजतात. म्हणून आजोबांच्या काळापासूनचा नियम, की बाजू आळीपाळीनं घ्यायची. एका आव्याला आमचं मावळतीकडं, पुढच्याला त्यांचं. गेल्या आव्याला पाळी त्यांची होती. पण मी सातारला भाचीच्या लग्नाला गेलो होतो, आबांनी विश्वासानं मडकी पाठवून दिली, आणि दादानं आमची परत मावळतीलाच लावली. आपली उगवतीला. मग ती कच्ची निघणार हे ठाऊक असल्यामुळं सांगलीत जाऊन हात कापल्याची बातमी आधीच पेरून आला.

मी तसाच एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेलो. दादा चार लोकांत बसून चहा पीत होता.

"पाळी कुनाची हुती, दादा?"

"कसली पाळी?"

"आव्याची. मावळतीला कुनाचं लावायचं हुतं?"

"आरं गड्या, वारं काय माझ्या बाचं हाय व्हय?" तो चहा फुंकत म्हणाला. "आबांच्यानं जाडी सारखी येत न्हाई आता. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. भाजंल कसं? तू तरी सांग त्येस्नी, बास करा म्हनून. का तुझं माठ बघून त्येस्नी धीर हुईना?"

टपरीवरचे सगळे हसले. वाईट याचं वाटलं, की मीही थोडा हसलो. विनोद चांगला होता.

मग मी सूड घ्यायला लागलो. पहिल्यांदा त्याच्याशी बोलणं टाकलं. आठ दिवस टाकलं. दादा मुळात इतका बोलतो की माझी बाजू बंद आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. उलट कुणाला तरी म्हणाला, हल्ली हा नीट ऐकून घेतो. मग त्याच्या गाढवाला आमच्या दारातून जायला बंदी केली. गाढवानं ती पाळली नाही. मग मनातल्या मनात सूड घ्यायचं ठरवलं, ते मात्र मला उत्तम जमलं. चिखल तुडवताना मी पायाखाली दादाला धरायचो. त्या पंधरवड्यात आमची माती जशी मऊ झाली, तशी आयुष्यात झाली नव्हती. पण त्या मातीचा माठ करणारं कोणी नव्हतं. आबा दारात बसून रस्त्याकडं बघायचे, आणि मी बुटकी मडकी करायचो.

आबांनी पोतं टाकायच्या आधी केलेले तीसेक माठ कोठीत वाळून पडले होते. शेवटचे. ते या आव्यात लागणार होते. मी ठरवलं, की हेच माठ ठणठण वाजले पाहिजेत, आणि दादाचे भद्द बोलले पाहिजेत, आणि दोन्ही शेठच्या एकाच पायरीवर.

आवा रचायच्या दिवशी मी छाती काढून म्हणालो, "आमचं उगवतीला."

"घे की गड्या," दादा म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की माझी छाती आपोआप खाली आली. आणि का, तेही दिसलं. त्यानं मावळतीच्या बाजूला शेणींचा दुप्पट थर घातला, बारकं पाचट ठासून भरलं, लेप बोटभर जाड दिला. हरामखोराला काम येतं, हेच त्याचं दुःख आहे. म्हणजे वारं आलं तरी त्याची मडकी भाजणारच होती.

सकाळी लवकर आवा पेटवला. नऊ-साडेनऊला धूर पांढऱ्याचा निळसर झाला, जाळानं धरलं. दादा न्याहारीला घरी गेला. राखणीला मी एकटा. वारं सुटायला लागलं होतं, आणि शेणी सारायचा लोखंडी गज कट्ट्याला टेकून उभा होता.

मी फार विचार केला असं सांगता येणार नाही. उठलो, गज घेतला, आणि मावळतीच्या अंगाला, दादाच्या मडक्यांच्या नेमक्या मध्यावर घुसवला. लेप फुटला, खापर आत पडलं. हुश्श करून वारं आत शिरलं. तापल्या मडक्याला गार वारं लागलं की ते तडकतं, हे सांगायला नकोच. आतून एक बारीक 'टिण्' आला. इतका गोड आवाज मी वाजंत्रीचाही ऐकलेला नाही.

गज जागेवर ठेवला आणि घरी जाऊन जेवलो. दोन भाकरी, ठेचा, वर ताक. तिसरी मागितली तेव्हा बायकोनं माझ्याकडं नीट बघितलं. "आज लय भूक?" म्हणाली. मी म्हणालो, "राखन केली की लागती."

तेवढ्यात रस्त्यावरून दादा ओरडत आला. "आरं ये गड्या! आबा! आबांचा हात!"

मी ताटावरून तसाच पळालो. दारात आबा नव्हते, हे येताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पोतं टाकल्यापासून ते आव्याकडं फिरकले नव्हते. पण त्या दिवशी वाऱ्यावर वास आला असणार. धुराचा वास बदलला की आबांना घरात बसून कळतं. ते काठी टेकत आव्याशी गेले, तर मावळतीला भोक, आणि त्यातून वारं आत ओढलं जातंय. राखणीला कोणी नाही. त्यांनी बाजूचं खापर उचललं. ते तापलेलं. ते डाव्या तळहातानं भोकावर दाबून धरलं आणि उजव्या हातानं ओली माती थापत बसले. लेप पक्का बसेपर्यंत हात काढला नाही. दादा आला तेव्हा माझे वडील त्याची मडकी वाचवत उकिडवे बसले होते.

दादानं त्यांना मोटरसायकलवरून सरकारी दवाखान्यात नेलं, मी मागून सायकल हाणत गेलो. तळहाताची सालपटं निघाली होती. तिथल्या नर्सबाईंनी पट्टी बांधली आणि बजावलं, जखम भरेपर्यंत पाण्याला, मातीला शिवायचं नाही. मी आबांची टोपी हातात धरून उभा होतो. माझ्या तोंडाला झाकण नाही म्हणालो ना मघाशी? त्या दिवशी होतं. वर लेपसुद्धा होता.

बाहेर आल्यावर दादा रडायलाच लागला. भर रस्त्यात, दहा लोकांदेखत.

"आबा, मागल्या आव्याला पाळी माझी हुती. मी तुमचं मावळतीला लावलं."

"ठावं हाय."

"आन सांगलीत शेठला..."

"त्ये बी ठावं हाय."

"काय शिक्षा द्याची ती द्या. पर तुमी माझ्या मडक्यांपायी हात जाळलासा..."

"मडकी तुझी असूद्यात, न्हाईतर माझी. आवा फुटल्याला बघून बसायचं व्हय?" आबा त्याच्यावर खेकसले. मग पट्टीचा हात त्याच्या तोंडासमोर धरला. "ह्यो डावा हात तुझ्यापायी गेला न्हवं? मग तुझा डावा हात माझ्या माठात घाल. उद्यापास्नं दुपारी येत जा. माझं माठ तू करायचंस. आन तू," माझ्याकडं न बघता, "तू माती आनायची आन दोन्ही घरचा चिखल तुडवायचा."

मला हे योग्यच वाटलं. मनातून म्हणालो, भोकाच्या मानानं स्वस्तात सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून दादा यायला लागला, आणि आमच्या पडवीत जे सुरू झालं त्यासाठी मी तिकीट काढून बसलो असतो. आबा खुर्चीत, पट्टीचा हात मांडीवर. दादा खाली, एक हात माठात.

"जाड झालं."

"कुठं आबा?"

"डाव्या अंगाला. मोड."

"आवं आबा, बगा तरी हात लावून."

"हात असता तर तुला बोलावलं असतं व्हय रं? मोड म्हंतो न्हवं."

दादा माठ मोडायचा, चिखल परत माझ्याकडं यायचा, मी परत तुडवायचो. पहिल्या दुपारी त्यानं आठ माठ केले, आबांनी सात मोडायला लावले. आठवा ठेवला, तोही रात्रभर विचार करून सकाळी मोडला. शेजारपाजारचे मुद्दाम चहाला येऊन बसायला लागले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय रं, सारखी जाडी येत न्हाई वाटतं?" दादाचे कान लाल झाले. मी तुडवता तुडवता हसत होतो, घसरून चिखलात बसलो, तरी हसत होतो.

आवा निवल्यावर आबांचे ते तीस माठ निघाले. या वेळी मी एकेक घरी ठोकून बघितला. सांगलीला जाताना दादाला मुद्दाम टेम्पोत बरोबर घेतलं. शेठनी माठ वाजवला आणि कान लावून हसले. "ह्यो आबांचा. कोन म्हनलं वो हात गेला?" आणि दादाकडं बघितलं. दादा खाली बघून माठाला गुंडाळलेलं पाचट सोडत बसला. एकच पेंडी तो किती वेळ सोडत होता. मला काही घाई नव्हती.

खरं म्हणजे इथं माझं समाधान व्हायला हवं होतं. पण महिना होत आला तसं उलटंच व्हायला लागलं. एक दिवस मी सांगलीला शेठकडून पैसे आणायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याकडून मातीची दुसरी खेप घेऊन आलो, तर पडवीत ओल्या पोत्याखाली पाच माठ ओळीनं मांडलेले. पोतं उचललं आणि बघत राहिलो. काठ असा वळलेला, की बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. पोट भरलेलं, पण सुटलेलं नाही. हात-पाय न धुता स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकऱ्या थापत होती.

"बघितलंस? दादा शिकला," मी म्हणालो. "आबांनी रागवून रागवून त्येला आपला हात दिऊन टाकला. मी सूड घ्याला गेलो आन घरची विद्या त्येच्या पदरात घातली. आता लपवून काय करू? भोक मी पाडलं. आजच आबांस्नी सांगतो, त्येला बी सांगतो, आन त्येचं येनं बंद करतो."

बायकोनं भाकरी तव्यावर टाकली. तिला हसू आवरेना.

"भोक तुमी पाडलंसा, त्ये हात भाजला त्याच दिवशी ठावं झालंय. मलम लावताना आबाच म्हनलं. आवा आपसूक फुटला तर खापर भाईर पडतं. त्ये खापर आत पडलं हुतं. भाईरनं गज घातल्याबिगर आत पडत न्हाई."

"मग मला काय बोललं कसं न्हाईत?"

"बोलल्यात की. म्हैनाभर चिखलात उगंच उभं केलंय व्हय तुमाला?"

मी दाराला टेकलो. मग विचारलं, "आन ते माठ?"

"भावजी काल कुठं आलं हुतं? तासगावला पावण्याकडं गेल्यात. अजून आलं न्हाईत." तिनं भाकरी उलटली. "हाताला कातडी कवाच आलीया. तुमी सकाळी मातीला गेलासा की आबा पट्टी सोडून बसत्यात. प्लग मीच लावती. भावजी यायच्या आदी परत बांधून मागत्यात, गच्च बांध म्हंत्यात. भावजींना वाटतंय ह्ये माठ तुमचं. परवा इचारत हुतं, 'ह्याचा हात कवा सुधारला?' लय जळत हुतं."

मी तसाच पडवीकडं निघालो. काय करायला, ते मलाही माहीत नव्हतं. बहुतेक ते माठ परत एकदा बघायला. बापाचा हात मला ओळखता आला नव्हता.

"बसा खाली," बायको मागून म्हणाली. "सांगायचं न्हाई कुनाला काय. भावजींनी अजून धा-पंधरा दिस 'मोड' ऐकूद्यात की, कान काय झिजत न्हाईत त्येंचं. आन तुमी जेवून चिखलात उतरा. आज सकाळच्या मातीत खडं हुतं म्हनून आबा मगापास्नं तुमच्या नावानं बोंबलत्यात."